नाजूक माशांच्या टाकीत पंप कसा लावावा
(सोलापुरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

फायटर माशाची शेपटी चिरलेली दिसते, गप्पीची पिल्लं रोज दोन-चारने कमी होतात, बबल आय गोल्डफिशच्या डोळ्याखालची पिशवी एका बाजूने बसलेली असते. असं काही दिसलं की पाणी तपासाच, पण त्याबरोबर पंपाकडेही बघा. माशाला त्रास होतो तो पाण्याच्या वेगाचा. हा वेग दोनच ठिकाणी फार असतो: पंप पाणी ओढतो तिथे आणि सोडतो तिथे. ही दोन टोकं नीट केली तर घरात आहे तोच पंप बहुतेक वेळा चालतो.

ओढणारं टोक

ताशी ३०० लिटरचा पंप दर सेकंदाला ८३ मिलिलिटर पाणी ओढतो. तोंडाचा आतला व्यास १२ मिलिमीटर असेल तर पाणी तिथे सेकंदाला सुमारे ७३ सेंटिमीटर वेगाने आत जातं. पिल्लू सोडा, म्हातारा फायटरही त्यातून सुटत नाही. त्याच तोंडावर ५ सेंटिमीटर जाड आणि ८ सेंटिमीटर लांब गोल स्पंज चढवला की तेवढंच पाणी साधारण १४५ चौरस सेंटिमीटरमधून आत येतं आणि वेग सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास उतरतो. म्हणून स्पंज मोठाच घ्या. तोंडापुरता छोटा तुकडा बसवला तर वेग फारसा उतरत नाही आणि तो चार दिवसांत तुंबतो.

स्पंज फिल्टरचाच हवा, मध्यम छिद्रांचा, म्हणजे ३० पीपीआयचा (एका इंचात ३० छिद्रं). भांडी घासायचा स्पंज वापरू नका, त्यात जंतुनाशक किंवा रंग असू शकतो. टॉवेलचा किंवा चादरीचा तुकडाही नको, त्याचे धागे सुटून पंपाच्या पंख्यात गुंडाळले जातात. नायलॉनचा मोजा एखाद्या रात्रीपुरता चालेल, पण तो लवकर तुंबतो.

बसवण्याआधी स्पंज साबणाशिवाय साध्या पाण्यात चार वेळा पिळून घ्या. मधोमध आरपार न जाणारं भोक पाडा, तोंडापेक्षा किंचित लहान, म्हणजे घट्ट बसेल. वरून प्लॅस्टिकचा केबल टाय आवळा. रबरबँड पाण्यात कुजतो. तांब्याची तार तर अजिबात नको, कारण टाकीतल्या कोळंबीला तांबं विषारी आहे.

आता दोरा घेऊन बघा. शिवणाचा १० सेंटिमीटर सुती दोरा भिजवून चिमटीत धरा आणि खालचं टोक स्पंजपासून एक बोट अंतरावर न्या. दोरा सरळ लोंबत राहिला तर काम झालं. एका बाजूला ओढला गेला तर त्या बाजूला फट आहे किंवा स्पंज लहान पडतोय.

सोडणारं टोक

इथे आपल्याकडे एक सोय आहे. ठिबक सिंचनाची १६ मिलिमीटरची नळी आणि तिची एंड कॅप सोलापुरात सहज मिळते. नळी नवी कोरीच घ्या. शेतातली जुनी नळी कितीही धुतली तरी नको, तिच्यातून खतं आणि औषधं गेलेली असतात.

दोन फुटी टाकीसाठी २५ सेंटिमीटरचा तुकडा कापा. एका रेषेत १४ भोकं पाडा, प्रत्येक ४ मिलिमीटरचं, सुमारे पावणेदोन सेंटिमीटर अंतरावर. भोकांच्या कडेची कुसळं ब्लेडने काढा, फायटरची शेपटी त्यांत अडकते. एक टोक एंड कॅपने बंद करा आणि दुसरं पंपाच्या तोंडाला जोडा. नळी पाण्याच्या पातळीखाली बोटभर, मागच्या काचेजवळ आडवी बसवा. भोकं काचेकडे आणि थोडी वर वळलेली हवीत. पाणी काचेवर आपटून पसरतं आणि पुढे फक्त हलका तरंग येतो.

नेहमी होणारी चूक म्हणजे पाणी हळू यावं म्हणून पाच-सहाच बारीक भोकं पाडणं. त्याने उलटंच होतं. बागेतल्या पाइपचं तोंड बोटाने दाबल्यावर जशी धार उडते, तशी प्रत्येक भोकातून उडते. सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्र नळीच्या तोंडापेक्षा जास्तच असलं पाहिजे.

एवढं करूनही प्रवाह जास्त वाटला तर व्हॉल्व्ह सोडणाऱ्या बाजूला लावून आवळा. ओढणारी बाजू आवळू नका. पंख्याला पाणी कमी पडतं, तो खडखडतो आणि मोटर तापते.

किती प्रवाह पुरे?

पेटीवरचा आकडा पाणी वर न चढवता मोजलेला असतो. घरी स्वतः मोजा. सोडणाऱ्या तोंडाला तात्पुरती नळी लावून, तिचं टोक पाण्याच्या पातळीशीच धरून, एक लिटरचा मग भरायला किती सेकंद लागतात ते बघा. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. मग १२ सेकंदांत भरला तर ३००, २० सेकंदांत भरला तर १८०.

फायटर आणि लांब शेपटीच्या गप्पीसाठी टाकीतलं पाणी तासाला तीन ते चार वेळा फिरलं की पुरतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत दगड-वाळू वजा जाता ४५ लिटर पाणी धरा, म्हणजे ताशी १८० लिटरपर्यंत. २० लिटरच्या टाकीला ६० ते ८० पुरे. गोल्डफिश घाण जास्त करतो, त्याला प्रवाह वाढवण्यापेक्षा स्पंज मोठा आणि दोन जागी द्या.

मासा स्वतःही सांगतो. फायटर दिवसभर एकाच कोपऱ्यात झाडामागे बसतो, पंख मिटून ठेवतो, हवा घ्यायला वर येताना वाहत बाजूला जातो, किंवा स्वतःची शेपटी चावतो. असं दिसलं तर प्रवाह अजून कमी करा.

एप्रिल-मेमध्ये

पारा चाळिशीपार गेला की टाकीचं पाणीही तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. म्हणून उन्हाळ्यात पंप बंद करून माशाला ‘आराम’ देऊ नका. प्रवाह हळू ठेवा, पण वरचा पृष्ठभाग हलता राहिलाच पाहिजे. पाण्यात बुडालेला पंप पाणी थोडं तापवतोही, त्यामुळे मोठा पंप आणून आवळून चालवण्यापेक्षा कमी वॅटचा घ्यावा हे आमचं स्पष्ट मत आहे. बाष्पीभवनाने पातळी उतरून तोंड उघडं पडलं तर पंप कोरडा फिरून जळतो. काचेवर बाहेरून पातळीची खूण करा आणि रोज बघा.

पिल्लांची टाकी

फायटरची पिल्लं निघतात तेव्हा जेमतेम ३ मिलिमीटरची असतात. त्यांच्या टाकीत मोटरचा पंप नकोच. हवेच्या पंपावरचा स्पंज फिल्टर लावा आणि पहिले काही आठवडे सेकंदाला एक-दोन बुडबुडे एवढाच चालवा. हवा कमी करायला नळी चिमटू नका, पंपाच्या रबरी पडद्यावर ताण येतो. टी जोड लावून जास्तीची हवा बाहेर सोडा.

हवेच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. लाईट गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीकडे ठेवा. बसवण्याआधी फुंकून बघा: एकाच बाजूने हवा गेली पाहिजे.

साफसफाई

स्पंज आठवड्यातून एकदा पिळा, पण टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन स्पंजमधले उपयोगी जिवाणू मारतं, मग माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया वाढतो आणि दोष पंपावर येतो. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच पिळा. एक लिटरचा मग भरायला लागणारे सेकंद २० वरून ३० वर गेले असतील तर आठवड्याची वाट बघू नका.

बोअरचं पाणी जड असेल तर पंख्यावर पांढरा क्षार बसतो आणि पंप घरघरतो. पंखा काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी मिसळून अर्धा तास बुडवा, जुन्या ब्रशने घासा, स्वच्छ धुवा. आतली सिरॅमिकची काडी जपा, वाकवली की तुटते.

मासा चिकटलाच तर

आधी स्विच बंद करा. ओढू नका, पंख फाटतो. ओढ थांबली की मासा बहुधा स्वतःच सुटतो. नाही सुटला तर पंपाच्या ओढणाऱ्या तोंडावरची जाळी पाण्यातच हळू काढा. पुढचे चार-पाच दिवस रोज पाव भाग पाणी बदला, तेही क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं. आणि अमोनिया तपासाच: मोठा, धडधाकट मासा सहसा जाळीला चिकटत नाही, चिकटला तर तो आधीपासून अशक्त असण्याची शक्यता जास्त.

वीज

पाण्यात हात घालण्याआधी पंप आणि हीटरचे प्लग काढा, नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही. वायर प्लगपर्यंत नेताना मध्ये खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच टपकेल. टाकीच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाईन आपोआप तोडणारा स्विच) बसवून घ्या. वायरला चीर दिसली तर चिकटपट्टी लावू नका, पंप बदला.

लाईट बराच वेळ जाणार असेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा हवेचा पंप लावा. डबाबंद फिल्टर (टाकीबाहेरच्या बंद डब्यातला) चार-पाच तास बंद राहिला तर लाईट आल्यावर लगेच सुरू करू नका. आतलं पाणी सडलेलं असतं. ते बादलीत ओता, स्पंज टाकीच्या पाण्यात हलकेच पिळा आणि मग प्लग लावा.