लॅपटॉपच्या ‘आयओ’ चिपची पार्श्वभूमी

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानांत जिला सरसकट ‘आयओ’ म्हणतात, तिला उत्पादकांच्या कागदपत्रांत एम्बेडेड कंट्रोलर किंवा ईसी असे नाव असते. स्कीमॅटिकवर, म्हणजे बोर्डाच्या जोडणीच्या नकाशावर, मात्र तिच्याशेजारी पुष्कळदा ‘केबीसी’ ही अक्षरे दिसतात. केबीसी म्हणजे कीबोर्ड कंट्रोलर. पॉवरचे बटण, बॅटरी आणि पंखा सांभाळणाऱ्या चिपला कीबोर्डचे नाव कसे पडले, हे ठाऊक असले तर डेड, म्हणजे मुळीच सुरू न होणाऱ्या, बोर्डाची तपासणी करतानाही त्याचा उपयोग होतो.

१९८४ साली आयबीएमने पीसी-एटी हा संगणक आणला, तेव्हा कीबोर्डशी बोलण्यासाठी त्याच्या मदरबोर्डवर इंटेलचा ८०४२ हा मायक्रोकंट्रोलर बसवलेला होता. त्याचा प्रोग्रॅम त्याच्याच पोटात असे आणि मुख्य प्रोसेसर त्याच्याशी ६० व ६४ या हेक्स क्रमांकांच्या पोर्टांवरून व्यवहार करी. एटीमधील ८०२८६ प्रोसेसर एक मेगाबाइटच्या पलीकडची मेमरी वापरू शकत होता. परंतु एक मेगाबाइट संपला की पत्ता पुन्हा शून्यावर येतो, असे धरून लिहिलेले काही जुने प्रोग्रॅम वापरात होते. त्यांच्यासाठी ए-२० ही पत्त्याची लाइन बंद-चालू करण्याची सोय हवी होती. ८०४२ची एक पिन मोकळी होती, तेव्हा ते काम तिच्या गळ्यात पडले. प्रोसेसर रीसेट करण्याचे कामही ८०४२लाच मिळाले. कीबोर्डशी या दोन्ही कामांचा काडीचाही संबंध नव्हता.

लॅपटॉपमध्ये हाच कित्ता गिरवला गेला. कीबोर्ड अंगचाच असल्याने त्याच्या आडव्या-उभ्या लाइन थेट या चिपवर आल्या, आणि मशीन बंद असतानाही तिला जागे ठेवता येत असल्यामुळे बटण, झाकण, चार्जिंग व पंखा हेही तिच्याकडे गेले. १९९६ च्या अखेरीस इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे वीज-व्यवस्थापनाचे मानक प्रसिद्ध केले. त्यात ऑपरेटिंग सिस्टिमने ईसीशी कसे बोलावे हे ठरले, आणि त्यासाठी ६२ व ६६ हे पोर्ट रूढ झाले.

अडॅप्टर जोडल्यावर प्रथम ३.३ व्होल्टचा कायमस्वरूपी सप्लाय उभा राहतो, ईसी जागी होऊन स्वतःचा प्रोग्रॅम वाचते, बटण दाबल्याचे चिपसेटला, म्हणजे प्रोसेसरच्या जोडीच्या मुख्य चिपला, कळवते आणि चिपसेटचा होकार आल्यावर उरलेले सप्लाय सुरू करते. कीबोर्डच्या लाइनही याच चिपवर येतात, म्हणूनच कीबोर्डवर चहा सांडल्यावर कधीकधी अख्खे मशीन डेड होते. अशा वेळी चिप काढण्यासाठी थेट हॉट एअर (गरम हवेचे सोल्डरिंग यंत्र) हाती घेणे हा उतावळेपणा ठरतो. आधी कीबोर्डची पट्टी काढून बोर्ड सुरू होतो का ते पाहावे, मग चिपच्या पायांवर ३.३ व्होल्ट पोहोचतात का आणि बटण दाबताच तिचा सिग्नल बदलतो का, हे मल्टिमीटरने तपासावे. सप्लायच नसेल, तर बिचाऱ्या चिपचा दोष काय?

दुरुस्तीची रीत खरी बदलली ती प्रोग्रॅमचा मुक्काम हलल्यामुळे. ईएनई या कंपनीच्या केबी-३९२६ सारख्या चिपचा फर्मवेअर, म्हणजे तिचा प्रोग्रॅम, बाहेरच्या आठ पायांच्या फ्लॅश आयसीत (वीज गेली तरी मजकूर जपणाऱ्या मेमरी चिपमध्ये) असे, त्यामुळे त्याच क्रमांकाची नवी चिप बसवून भागत असे. केबी-९०१२ मध्ये १२८ किलोबाइटची फ्लॅश चिपच्या आतच आली. तिच्या जागी कोरी चिप कितीही सफाईने सोल्डर केली, तरी त्या मॉडेलची फाइल तिच्यात भरल्याशिवाय बटण दाद देत नाही. दुरुस्त बोर्ड पुन्हा डेड का, या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते. ही फाइल भरण्याच्या लाइन कीबोर्डच्याच काही पिनांवर असल्यामुळे चिप न काढताही काम होते: कीबोर्डची पट्टी काढून त्याच कनेक्टरात प्रोग्रॅमरची पट्टी बसवतात, जुनी फाइल वाचता येत असेल तर ती आधी जपून ठेवतात आणि मगच नवी लिहितात.