ऑटोपायलट बसवल्यावर जीपीएसची दांडी हलवू नका

तुमच्या जुन्या मल्टिरोटरला, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनला, आम्ही ऑटोपायलट (ड्रोन आपोआप सांभाळणारी यंत्रणा) बसवून दिला, की काही दिवसांनी फोन येतो: "हाताने छान उडतो, पण लॉयटरला (आपोआप जागेवर थांबण्याच्या मोडला) टाकला की गोल गोल फिरत लांब जातो. सॉफ्टवेअरमध्ये गडबड आहे."

बहुतेक वेळा सॉफ्टवेअर ठीक असते, कंपास फसलेला असतो. हा कंपास जीपीएसच्या डबीतच, दांडीच्या टोकावर असतो. आपल्याकडे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला. ३० अँपिअर वाहणारी एकच वायर ५ सेंटीमीटरवर आली, तर तिचे एकटीचे क्षेत्र १२० भरते. २० सेंटीमीटरवर तेच ३०. शिवाय थ्रॉटलबरोबर, म्हणजे मोटरचा जोर कमी-जास्त होताना, करंट बदलतो, म्हणून मोटर बंद ठेवून जमिनीवर कितीही कॅलिब्रेशन केले तरी ही चूक निघत नाही. ड्रोनला उत्तर दिशा चुकीची कळते, तो जागेवर यायला जातो आणि भलतीकडे सरकतो. घेर वाढत जातो.

म्हणून दांडी उंच ठेवतो, बॅटरीच्या लाल-काळ्या वायरी एकमेकींना पीळ देऊन नेतो, वर स्क्रू पितळी किंवा नायलॉनचेच लावतो. पेटीत मावत नाही म्हणून दांडी कापणे, तिच्यावरून कॅमेऱ्याची वायर नेणे, शेजारी लोखंडी क्लॅम्प लावणे, हे कृपया करू नका. अडचण पेटीचीच असेल तर आमच्याकडे घडीची दांडी आहे. ती बसवून, कंपास पुन्हा तपासूनच ड्रोन परत देतो.

दांडी हलवल्यावर पुष्कळदा ड्रोन आर्मच होत नाही, म्हणजे मोटर सुरूच होऊ देत नाही, आणि कंपासची तक्रार दाखवतो. तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून आर्मिंग चेक बंद करू नका. कंपासचा घोटाळा जमिनीवरच पकडणारी ती तपासणी आहे. आलेल्या संदेशाचा फोटो आम्हाला पाठवा.

"पिक्सहॉक बाजारात मिळतो, आर्डुपायलट फुकट आहे, मग पैसे कशाचे?" प्रश्न रास्त आहे. पिक्सहॉक हा ऑटोपायलटचा बोर्ड, आर्डुपायलट हे त्यावर चालणारे सॉफ्टवेअर. ते खरोखरच मोफत आहे आणि कुणीही टाकू शकतो. आम्ही पैसे घेतो ते तुमच्या फ्रेमवर ते नीट बसवण्याचे. लॉगमधले (ड्रोनने उड्डाणात केलेल्या नोंदींतले) कंपन ३० मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली आणावे लागते, ६० च्या वर तर त्रास जवळपास ठरलेलाच. मोटर फिरताना कंपास किती ढळतो ते मोजावे लागते. ट्यूनिंग तुमच्याच बॅटरीवर आणि तुमच्याच वजनासह करावे लागते, म्हणूनच ड्रोन कॅमेऱ्यासकट मागतो आणि नुसता किट कुरिअरने देत नाही. सेटिंगची फाइल तुमच्या हातात देतो.

टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला मिळालेले अधिकृत मान्यतेचे प्रमाणपत्र) असलेल्या फवारणीच्या ड्रोनची यंत्रणा मात्र आम्ही बदलत नाही. ज्या मांडणीला प्रमाणपत्र मिळाले, ती मांडणीच मग राहत नाही.

ड्रोन फिरू लागला तर लॉयटर सोडून हाताने उतरवा आणि पुन्हा उडवू नका. एसडी कार्डातला शेवटचा लॉग आणि दांडीचा बाजूने काढलेला फोटो पाठवा. आम्ही बसवलेल्या ड्रोनचा लॉग पाहायचे पैसे घेत नाही.