मोंते चिर्चेओ

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावरील, तिरेनियन समुद्रात घुसलेला चुनखडीचा डोंगर. उंची ५४१ मी. रोमच्या आग्नेयेस सु. १०० किमी.वर, लात्सिओ विभागाच्या लातिना जिल्ह्यात तो येतो. पायथ्याचे गाव सान फेलिचे चिर्चेओ. १९३४ पासून हा परिसर राष्ट्रीय उद्यान आहे. उंची बेताचीच, पण एका अंगाला सपाट मैदान आणि बाकी समुद्र, त्यामुळे डोंगर फार लांबून डोळ्यांत भरतो.

होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात नायक ओडिसियसच्या सोबत्यांना डुकरे बनवणाऱ्या मायाविनी किर्केचे आयाया बेट ते हेच, ही समजूत जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ थिओफ्रास्टसने (इ. स. पू. चौथे शतक) वनस्पतींविषयी लिहिताना या डोंगराची नोंद घेतली आहे. ओक, लॉरेल व मर्टल यांची दाट झाडी तो सांगतो. स्थानिक लोक ओडिसियसचा सोबती एल्पेनोर याची कबर दाखवतात आणि तिच्यावर हारांत गुंफतात तशी बुटकी मर्टल उगवते, असेही तो नोंदवतो. पूर्वी हे सु. ८० स्टेडिया (प्राचीन ग्रीक लांबीचे एकक) घेराचे बेट होते व नद्यांच्या गाळाने ते जमिनीला जोडले गेले, हे मतही त्याच्याकडे आढळते. रोमन लेखक प्लिनीनेही बेटाची परंपरा नोंदवली आहे. ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो मात्र समुद्र आणि दलदल यांनी वेढल्यामुळे डोंगराला बेटाचे रूप आले, असे सांगतो.

या मतांचा मेळ घालणे सोपे नाही. ओडिसीच्या बाराव्या सर्गात आयाया हे उषेचे घर व सूर्योदयाचे स्थान आहे; म्हणजे ते पूर्वेकडे हवे. फ्रेंच अभ्यासक व्हिक्तोर बेरार याने आयाया व किर्के या दोन्ही नावांचा संबंध ‘ससाणा’ अर्थाच्या सेमिटिक व ग्रीक शब्दांशी जोडून चिर्चेओचा पक्ष घेतला. व्युत्पत्ती आकर्षक आहे, पण ती स्थळ सिद्ध करत नाही. भूशास्त्राची साक्षही मर्यादितच आहे. सु. १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्रपातळी आजच्यापेक्षा काही मीटर वर होती व त्या काळच्या सागरतटाच्या खुणा पायथ्याच्या गुहांत मिळतात. पण तो काळ ग्रीक काव्याच्या कितीतरी आधीचा. प्रस्तुत लेखकाला सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार प्रोकोपिअसचे म्हणणे अधिक पटते: होमरचे बेट हेच, असे त्याला ठामपणे म्हणवत नाही, पण जवळून जाणाऱ्या गलबतातून आणि लगतच्या किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला हा डोंगर बेटच वाटतो व त्यावर पाऊल ठेवल्यावरच फसगत कळते. दंतकथा इथे का चिकटली, याचे उत्तर या एका निरीक्षणात मिळते.

पूर्वेकडील सोंडेवर प्राचीन चिर्केई नगराच्या बालेकिल्ल्याचा तट उभा आहे. चुना न वापरता बहुकोनी धोंडे एकमेकांत घट्ट बसवलेले आहेत. रोमन इतिहासकार लिव्ही येथील रोमन वसाहतीचे श्रेय रोमचा राजा तार्क्विनिअस सुपर्बसला देतो, ग्रीक इतिहासकार डायोडोरस इ. स. पू. ३९३ च्या सुमाराची वसाहत नोंदवतो. तट या दुसऱ्या वसाहतीशी जोडणे अधिक सयुक्तिक दिसते, तथापि केवळ बांधणीच्या शैलीवरून कालनिर्णय करणे धोक्याचे आहे. माथ्याच्या कण्यावरील एका जोत्याचे अवशेष परंपरेने किर्केच्या किंवा व्हीनसच्या मंदिराचे मानतात. रोमची सत्ता वाटून घेणाऱ्या तीन शासकांपैकी (ट्रायमव्हिरेट) लेपिडस याला इ. स. पू. ३६ मध्ये सत्ता गमावल्यावर येथेच धाडण्यात आले.

चढाईची प्रचलित वाट पश्चिमेस तोर्रे पाओला या टेहळणी बुरुजापासून निघते. ती उभी असून काही ठिकाणी हातांचा आधार घ्यावा लागतो. सान फेलिचेकडून येणारी वाट लांब पण कण्याकण्याने जाणारी आहे. उत्तर उतारावर सदाहरित ओकची गर्द सावली, तर कणा ओलांडताच दक्षिणेला तापलेला खडक, काटेरी झुडपे व खुजी ताडजातीची झाडे. दोन पावलांत ऋतू बदलल्यासारखे वाटते. माथ्यावरून पोन्झाची बेटे दिसतात.

पूर्व पायथ्याच्या ग्वात्तारी गुहेत १९३९ मध्ये निअँडरथल मानवाची कवटी सापडली. ती धार्मिक विधीची खूण असल्याचे मत आता मागे पडले असून, हाडे तरसांनी गुहेत आणली असावीत असे मानतात. २०२१ मध्ये आणखी नऊ व्यक्तींचे अवशेष मिळाल्याचे जाहीर झाले.