डांबर, रबर आणि मधली कोटी: अपूर्णांकी अवकलजाची पार्श्वभूमी

मळलेल्या कणकेत बोट दाबून काढा. खड्डा लगेच थोडा वर येतो, मग सावकाश, मग आणखी सावकाश. पूर्ण मात्र भरत नाही. वर्गात शिकवलेल्या मॅक्सवेल किंवा केल्व्हिन-फॉइग्ट मॉडेलला (एक स्प्रिंग आणि एक डॅशपॉट, म्हणजे घट्ट द्रवातला दट्ट्या) हे नीट जमत नाही, कारण त्यांत काळ-स्थिरांक, म्हणजे पदार्थ किती वेळात सैल पडतो ते सांगणारा आकडा, एकच असतो. मिलिसेकंदापासून दिवसापर्यंतचा आलेख जुळवायचा तर स्प्रिंग आणि डॅशपॉटच्या जोड्यांची रांग लावावी लागते आणि प्रत्येक जोडीमागे दोन आकडे वाढतात. लॉग-लॉग कागदावर मात्र तोच आलेख बऱ्याचदा जवळजवळ सरळ रेषा असतो. विकृती, म्हणजे आकारातला बदल, काळाच्या घातानुसार वाढते, असा नियम 1921 मध्येच मांडला गेला होता.

अवकलज (डेरिव्हेटिव्ह) म्हणजे बदलाचा दर, आणि तो किती वेळा काढला ती त्याची कोटी. ही कोटी अपूर्णांक, समजा अर्धी, असली तर काय, हा प्रश्न 1695 च्या पत्रव्यवहारातला. पदार्थांशी त्याची खरी गाठ पडली 1936 च्या सुमारास, आणि ती घट्ट झाली 1940 च्या दशकात इंग्लंडमधल्या एका दुग्धसंशोधन केंद्रात. चीज किती घट्ट आहे हे तिथे हाताने दाबून ठरत असे. रबर आणि डांबराचे तुकडे लोकांच्या हातात देऊन ‘जास्त मऊ कोणता?’ असे विचारले, तर उत्तर किती वेळ दाबले यावर बदलायचे. रबरात प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरचा आतला जोर) विकृतीच्या प्रमाणात असते, म्हणजे शून्य कोटी. डांबरात ते विकृतीच्या दराच्या प्रमाणात, म्हणजे पहिली कोटी. मग चीजसाठी मधली कोटी का नको? आक्षेप आला तो एककावर. कोटी α असेल तर एकक पास्कल गुणिले सेकंदाचा α घात, आणि α प्रत्येक पदार्थाचा वेगळा! त्यामुळे या राशींना गुणधर्म न म्हणता गुणधर्मसदृश म्हटले गेले. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

1967 मध्ये भूकंपलहरींचा ऱ्हास वारंवारतेवर फारसा का अवलंबून नसतो, हे समजावताना अपूर्णांकी अवकलजाची व्याख्या थोडी फिरवली गेली: आधी साधा अवकलज, मग अपूर्णांकी संकलन (इंटिग्रेशन). यामुळे स्थिर राशीचा अवकलज शून्य येतो आणि सुरुवातीच्या अटी नेहमीच्या पद्धतीने लिहिता येतात. 1980 च्या दशकात अमेरिकेत कंपनशोषक पॉलिमरसाठी चार-पाच आकड्यांची मॉडेले पुढे आली. 1983 मध्ये रेणूसाखळ्यांच्या सिद्धांतातून अर्धी कोटी थेट निघते हेही दाखवले गेले. तेव्हापासून हा नुसता आलेख जुळवण्याचा खेळ राहिला नाही.

खरा वाद 2015 नंतरचा. अपूर्णांकी अवकलजात मागच्या प्रत्येक क्षणाचा वाटा धरलेला असतो, आणि तो किती हे स्मृतीचे वजन ठरवते. जुन्या व्याख्येत हे वजन चालू क्षणाजवळ अनंताकडे जाते. गणन करताना हे त्रासाचे, म्हणून त्या जागी साधे घातांकी (एक्स्पोनेन्शियल, एकाच ठरावीक काळमानाने घटणारे) वजन ठेवण्याचा प्रस्ताव आला. तो सोयीचा होता आणि त्यावर शोधनिबंधांचा पूर आला. पण प्रतिबल या नव्या अवकलजाच्या प्रमाणात आहे असे लिहून पाहा. मिळते काय? विकृतीचा दर, त्याला घातांकी ऱ्हासाचे वजन, आणि त्यांचे संकलन. हे तर मॅक्सवेल मॉडेलच! काळ-स्थिरांक (1−α)/α, α 0.5 धरला तर 1. ज्याच्या अपुरेपणामुळे अपूर्णांकी कोटी आणली, तोच एकटा काळ-स्थिरांक α च्या वेषात परत आला. समर्थक म्हणतात की व्याख्या रुंद असायला हरकत नाही. गणितात नसेलही, पण कणकेपुढे आहे: घात नियमाची लांब शेपटी, म्हणजे सावकाश विरत जाणारी स्मृती, हरवली, तर ‘अपूर्णांकी’ हे विशेषण कशासाठी लावायचे?

2016 च्या सुधारित प्रस्तावात घातांकी फलनाऐवजी मिटाग-लेफ्लर फलन (घातांकी फलनाचेच व्यापक रूप) आले. त्यात शेपटी परत मिळते, पण त्याच मांडणीतून हाती येते ते अपूर्णांकी मॅक्सवेल मॉडेल, आणि ते जुन्या व्याख्येने कितीतरी आधीच लिहून झालेले होते.