कुकर फुटला तर भंगारात देऊ नका: ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची

गेल्या चवथीला आमच्या वाडीत काळे वाटाणे शिजायला ठेवले होते आणि कुकरचं झाकण उडून एका काकूंचा हात कोपरापर्यंत भाजला. दोन आठवडे ड्रेसिंग चाललं. त्या गडबडीत घरच्यांनी कुकर दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकला. सगळ्यात मोठा पुरावा तिथेच गेला.

म्हणून आधी हेच सांगते. वस्तू फुटली, जळली किंवा तिचा शॉक बसला, तर ती आहे तशी पोत्यात बांधून ठेवा. झाकण, रबर, शिट्टी, खोकंसुद्धा. धुऊ नका, दुरुस्तीला देऊ नका, चारी बाजूंनी फोटो काढा. गरज वाटली तर ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा, नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ हे स्वतंत्र प्रकरण आहे, जुलै २०२० पासून लागू. सदोष वस्तूमुळे इजा, आजार, मृत्यू किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर उत्पादकाकडे भरपाई मागता येते. उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर दुकानदारही जबाबदार धरला जातो. नुसती वस्तू बिघडली असेल, तर ती सदोष मालाची साधी तक्रार.

आपल्याकडे बहुतेक जण एका गोष्टीवर अडतात. कुकर मुलाने दादरला घेतला, बिल त्याच्या नावावर, वापरते गावची आई. तरीही आई तक्रार करू शकते, कारण खरेदीदाराच्या संमतीने वापरणाराही कायद्याने ग्राहकच. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते, म्हणजे अलिबाग, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गनगरी. पुन्हा विकायला किंवा धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर हा हक्क नाही. पण स्वतः राबून पोट भरणाऱ्या मच्छीमाराने होडीसाठी घेतलेलं इंजिन यात बसतं.

वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. इथे भरपाईचा आकडा धरत नाहीत, बिलावरची रक्कम धरतात. दोन हजारांच्या कुकरसाठी दवाखान्याचा लाखाचा खर्च मागितला, तरी फी लागत नाही.

कागद: बिल किंवा यूपीआयची नोंद, वॉरंटी कार्ड, फोटो, दवाखान्याची कागदपत्रं आणि पावत्या, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कंपनीला पाठवलेल्या नोटिशीची प्रत आणि पोस्टाची पावती. सोबत तारीखवार घटनाक्रम आणि शपथपत्र. कुकरवरचा आयएसआय शिक्का जवळून टिपा: वर आयएस २३४७ हा कुकरचा मानक क्रमांक, खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर खरा की खोटा ते कळतं. घरगुती कुकरला हा शिक्का फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा आहे. नसेल, तर तक्रारीत ठळक लिहा. बाजारातून दुसराच व्हॉल्व्ह आणून बसवला असेल, तर तेही लपवू नका. वस्तूत फेरफार केला होता, हा सामनेवाल्याचा, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचा, पहिला बचाव असतो आणि कायदा तो मान्य करतो.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे तोडगा निघाला नाही तर ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या ऑनलाइन पोर्टलवर मोबाईल क्रमांकाने नोंदणी करा, जिल्हा आयोग निवडा, कागद पीडीएफ करून चढवा. वकील सक्तीचा नाही. तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे आयोगाने साधारण २१ दिवसांत ठरवायचं असतं. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. सुनावणीला व्हिडिओवरून हजर राहण्याची सोय मागता येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, तेव्हा सगळ्या कागदांचा एक संच घरी ठेवा.

मुदत घटनेपासून दोन वर्षं. उशीर झालाच तर सबळ कारणासह विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं. अपील कंपनीने केलं, तर आदेशातली निम्मी रक्कम तिला आधी जमा करावी लागते.