अंध क्रिकेट खेळायचंय? टक्केवारीच्या आधी बी-१, बी-२, बी-३ समजून घ्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय मुलींनी अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक जिंकला. उपकर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची गंगा कदम. ते पाहून अनेक पालक विचारतात, "४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, चालेल ना?"

नुसतं तेवढं चालत नाही. ४० टक्के ही सरकारी सवलतींची अट. दोन्ही डोळ्यांची नजर ६/२४ असली (म्हणजे निरोगी डोळ्याला २४ मीटरवरून दिसतं ते ६ मीटरवरून दिसत असलं) तरी तेवढे टक्के मिळू शकतात. खेळात मात्र चांगल्या डोळ्याची नजर, तीही चष्मा लावून, ६/६० किंवा त्याहून कमी लागते, नाहीतर दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा अरुंद लागतं. एक डोळा पूर्ण गेलेला पण दुसरा धड असेल, तर या खेळात पात्रता नाही.

नजरेनुसार खेळाडूंचे बी-१, बी-२, बी-३ असे तीन गट पडतात. बी-३ मध्ये हीच किमान अट. दृष्टिक्षेत्र १० अंशांहूनही कमी, किंवा नजर लॉगमार १.५० ते २.६० असेल तर बी-२ (लॉगमार हे नजर मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितकी नजर कमी). त्याहून कमी नजर म्हणजे बी-१. अकरा जणांत किमान चार बी-१ हवेतच आणि त्यांची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. म्हणून पूर्ण अंध मुलामुलींनी अजिबात मागे राहू नये. त्यांच्याशिवाय संघच उभा राहत नाही.

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो अरुंद दृष्टिक्षेत्राच्या मुलांवर. फळ्यावरचं वाचतात, पण पायाजवळची बादली दिसत नाही. डॉक्टरांच्या कागदावर फक्त ६/१२ लिहिलेलं असतं आणि मूल अपात्र ठरतं. नेत्रतज्ज्ञांकडून फील्ड टेस्ट आवर्जून मागून घ्या आणि तिचा छापील रिपोर्ट जोडा.

कागदपत्रांत पहिलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा देऊन अर्ज भरायचा, रुग्णालय निवडायचं आणि तिथे तपासणीला जायचं. सोबत जन्मतारखेचा दाखला आणि डोळ्यांचा ताजा रिपोर्ट ठेवा. मग राज्यातल्या अंध क्रिकेट संघटनेकडे निवड चाचणीसाठी नाव द्या. देशपातळीवर हे काम क्रिकेट असोसिएशन फॉर द ब्लाइंड इन इंडिया पाहते. गट ठरवताना डोळे पुन्हा तपासले जातात. त्या दिवशी चष्मा घरी विसरू नका, कारण मोजणी चष्म्यासहच होते.

इब्सा या अंधांच्या खेळांच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांसाठी वेगळा वैद्यकीय फॉर्म असतो. तो इंग्रजीत, नेत्रतज्ज्ञांनीच भरलेला आणि १२ महिन्यांच्या आतला लागतो. डॉक्टरांची सही घेताना तारीखही तिथल्या तिथे लिहून घ्या.