एमएस, बद्धकोष्ठ आणि शेवटचे दोन दरवाजे

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) म्हटलं की चालताना तोल जाणं, नजर अंधुक होणं, हातापायाला मुंग्या येणं एवढंच लोकांना माहीत असतं. पोटाबद्दल कोणी बोलत नाही आणि पेशंटने धीर करून विषय काढलाच तर "बद्धकोष्ठ काय, सगळ्यांनाच होतं, पाणी पी" म्हणून त्याला गप्प करतात. याचा मला खरंच राग येतो. एमएस असलेल्या अर्ध्याहून जास्त लोकांना शौचाचा काही ना काही त्रास असतो, आणि बऱ्याच जणांना बद्धकोष्ठही असतं आणि नकळत कपड्यात शी पण होते. एकाच माणसाला दोन उलटे त्रास कसे?

आधी एक गोष्ट. १८९९ मधे बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या, तरी आतडं चालूच राहिलं! आत गोळा आला की त्याच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल पडतो, गोळा सरकतो. कारण आतड्याच्या भिंतीतच कोट्यवधी न्यूरॉन्सचं स्वतःचं जाळं असतं. एमएसमधे आपलीच इम्यून सिस्टीम मायलिन म्हणजे नसांवरचं आवरण खाते, पण ते मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतलं. म्हणजे मुख्य घोळ होतो तो मेंदू ते आतडं या लांबच्या लाइनमधे, आणि ती लाइन सगळ्यात जास्त लागते ती अगदी शेवटी.

शेवटी, गुदद्वारापाशी दोन दरवाजे आहेत, म्हणजे स्नायूंच्या दोन कड्या. आतला आपल्या हातात नसतो, बाहेरचा असतो. मलाशय भरलं की भिंत ताणली जाते आणि आतला दरवाजा आपोआप थोडा सैल होतो, त्याला मेंदूला विचारावं लागत नाही. मग आतलं किंचित काहीतरी खाली येऊन तिथल्या नाजूक अस्तराला टेकतं, आणि ते अस्तर ओळखतं की हा गॅस आहे, पातळ आहे की घट्ट. दिवसातून कितीदा तरी ही तपासणी होते आणि आपल्याला पत्ताही नसतो, मला तर हे शरीरातलं सगळ्यात हुशार काम वाटतं. ही बातमी माकडहाडाजवळच्या सेक्रल नसांमधून मज्जारज्जूत, तिथून वर मेंदूत जाते. मेंदू म्हणाला थांब, की बाहेरचा दरवाजा आवळलेला राहतो. म्हणाला जा, की तो दरवाजा सैल, मलाशयाला पुढे ओढून धरणारा प्युबोरेक्टॅलिस नावाचा स्नायूचा पट्टा सैल, वाट सरळ.

आता वर जाणारी लाइन खराब झाली तर कळ आलेली कळतच नाही, मल तिथेच पडून राहतो, त्यातलं पाणी शोषलं जाऊन खडा होतो. खाली येणारी खराब झाली तर कुंथताना जो दरवाजा उघडायचा तोच आवळतो, याला डिससिनर्जिया म्हणतात. आणि आतला दरवाजा तर लोकल रिफ्लेक्सवर उघडतोच, बाहेरच्याला वेळेत निरोप मिळाला नाही की झालं. कधी कधी खड्याच्या बाजूने पातळ झिरपतं, ते जुलाब समजून जुलाब थांबवायची गोळी घेतली की खडा अजून घट्ट.

त्यात भर म्हणजे एमएसमधे होणाऱ्या लघवीच्या घाईवरच्या काही गोळ्या बद्धकोष्ठ वाढवतात, घाईच्या भीतीने लोक पाणी कमी पितात, चालणंही कमी झालेलं असतं.

आणि ते "आतडी डिटॉक्स करा, एमएस मुळापासून जाईल" वाले! घासून साफ केल्याने मज्जारज्जूतलं मायलिन परत येत नाही. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा. खाल्ल्यावर मोठं आतडं आपोआप जोरात हलतं, सकाळी जास्तच, म्हणून नाश्त्यानंतर अर्ध्या तासात रोज ठरल्या वेळी बसायचं, पायाखाली स्टूल घेऊन गुडघे वर, म्हणजे ती वाट सरळ होते. त्याने भागलं नाही तर सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी), गुदद्वारातून पाणी सोडून मलाशय रिकामं करायची किट, बायोफीडबॅक (मशीनवर बघत स्नायू आवळायची-सोडायची प्रॅक्टिस) आहे, हे न्यूरॉलॉजिस्टला किंवा एमएस नर्सला स्पष्ट विचारा. शौचातून रक्त पडलं किंवा सवय अचानक बदलली तर मात्र एमएसवर ढकलू नका, वेगळी तपासणी करून घ्या.